विहीणबाईचं रक्त तपासा

माघ लागला की रुखमाबाईच्या घरात जो खोकत नाही, त्याच्या तब्येतीची चौकशी होते. शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये तिचं घर, आणि घराच्या समोरच्या खोलीत मिरची कांडपाची मशीन. हंगाम सुरू झाला की लोखंडी मुसळं सकाळपासून दणादणा आपटत राहतात. भिवापुरी मिरचीचा लाल धुरळा दारातून बाहेर जातो, खिडकीतून परत येतो आणि उशांच्या अभ्र्यांत जाऊन बसतो. गिऱ्हाईक खोकतं, कुरिअरवाला खोकतो, शेजाऱ्यांचं कुत्रं शिंकतं. रुखमाबाईला मात्र खोकला येत नाही. तिला ठसका लागतो. खोकला आजारी माणसाला येतो, आणि आजारी पडणं हे तिच्या मते दुसऱ्यांच्या घरचं काम.

म्हणून तिचा अडीच वर्षांचा नातू अनिश दवाखान्यात ऑक्सिजनवर गेला, तेव्हा हे दुसऱ्यांचं घर कोणतं ते ठरवायला तिला वेळ लागला नाही.

"खाप्याहून आणलं," ती वॉर्डाच्या बाहेर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तिची सून मिनल सावनेर तालुक्यातल्या खाप्याची. भावाच्या, अनंताच्या साखरपुड्याला ती दोन्ही लेकरं घेऊन माहेरी गेली होती. सहा वर्षांची माया तिथं नुसती शेंबूड पुसत हिंडली. अनिशला तिथंच ताप भरला आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचं पोट भात्यासारखं उडायला लागलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, व्हायरस आहे, छातीत उतरला आहे, भरती करा.

"अनंताच्या लग्नाले माहा नातू जाणार नाही," रुखमाबाईनं निकाल दिला. "मिनलही जाणार नाही. त्या घरचा वाराच नको."

लग्न अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं होतं, दीड महिन्यावर. मिनल भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मले एकच भाऊ आहे, आई."

"अन् मले एकच नातू आहे."

मिनलचा नवरा प्रीतम बुटीबोरीच्या कंपनीत कामाला. आई बोलत असली की तो मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधतो. सासरे रामाजी दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, पण ते झोपलेले नव्हते. बायको बोलत असताना पन्नास वर्षं डोळे मिटून जागं राहण्याची त्यांना सवय झाली होती. रुखमाबाईनं त्याच संध्याकाळी सावनेर तालुक्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. बातमी एकच, खाप्याच्या घरून लेकरू आजारी होऊन आलं.

तिसऱ्या दिवशी अनिशचा श्वास जरा खाली बसला आणि डॉक्टर कामिनी त्यांच्याकडं आल्या. वयानं पोरसवदा, जरीपटक्यात राहणाऱ्या. त्या औषध द्यायला नाही, काहीतरी मागायला आल्या होत्या, हे रुखमाबाईनं त्यांच्या चालीवरूनच ओळखलं.

"आजी, आम्ही एक अभ्यास करून राहिलो," कामिनी म्हणाल्या. "पाहा ना, एका घरातली दोन लेकरं. व्हायरस बहुतेक तोच. एक ऑक्सिजनवर, दुसरी तुमच्या जिन्यावरून उड्या मारते. हे असं कसं, ते शोधायचं आहे. दोघांचंही थोडं रक्त पाहिजे."

"रक्तात काय पाहता?"

"प्रोटीनं."

"त्याची कमी नाही आमच्या घरी. रोज तुरीचं वरण शिजते."

"ती खाण्यातली. ही आपलं शरीर स्वतः बनवते, हजारो तऱ्हेची. व्हायरस अंगात शिरला की त्यातली काही धावून जातात, काही बाकीच्यांना हाका मारतात आणि काही शेवटी भांडण मिटवतात. कोणती किती वाढली, ते मशीन मोजते. फार आजारी पडणाऱ्या लेकरांत अन् सर्दीवर निभावणाऱ्या लेकरांत फरक काय, हे समजलं तर पुढं एखादं लेकरू दवाखान्यात आल्या आल्या सांगता येईल की याच्याकडं जास्त लक्ष ठेवा."

मिनल लगेच हो म्हणाली, प्रीतमनं मान हलवली. रुखमाबाईचं डोकं मात्र वेगळ्याच गल्लीत शिरलं होतं.

"अन् हे मशीन, आजार कोणाच्या घरून आला ते सांगते का?"

"तो माझा विषय नाही आजी. पण ज्यांनी ज्यांनी गेल्या पंधरवड्यात लेकराला जवळ घेतलं, त्या मोठ्यांचेही नमुने घेतो आम्ही. थोडं नाकातलं, थोडं रक्त."

"खाप्याच्या माणसायचं घ्याल?"

"आले तर घेऊ."

"येत नाहीत कशे. आणतो नं मी."

तिनं तिथंच उभ्या उभ्या विहिणीला, पुष्पलताबाईला फोन लावला. "ईनबाई, नातवाले पाहाले या. अनंतालेही आणा. अन् घरून जेवून या, रक्त द्याचं आहे." फोन ठेवून ती घरच्यांकडं वळली. "आता कसं, दूध का दूध, पानी का पानी. मशीननं खाप्याचं नाव घेतलं, तं लग्न फोनवर पाहा. नाही घेतलं, तं मी सोता सगळ्यायले घेऊन जाईन."

रामाजींनी एक डोळा उघडला. "आम्ही ऐकलं बरं," म्हणाले, आणि मिटला.

पुष्पलताबाई दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनं उतरल्या. सोबत अनंता, आणि अनंताच्या हातात सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढा बेसनाच्या पाटोडीचा डबा. बाई अंगानं मोठी आणि हसणं अंगाहून मोठं. पण काचेतून नातवाच्या नाकातली नळी पाहिली तशा त्या काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. पदरानं डोळे पुसून थेट कामिनीबाईंसमोर गेल्या आणि हात पुढं केला.

"घ्या बाई. पाहिजे तं दोन्ही हातातून घ्या. रक्ताले काय, पुन्हा होते."

"थोडंसंच लागते, काकू."

"मंग इतक्या दुरून बोलावलं काहून? मले वाटलं बाटली भराची आहे." दंडाला कापूस दाबत त्या रुखमाबाईकडं वळल्या. "ईनबाई, तुमचं झालं?"

"माहं कायले? मिरचीत हात घालून बुड्डी झाली मी. माह्याजवळ रोग येत नाही."

"मंग तं द्याच. मशीनलेही पाहू द्या, मिरची रक्तात कशी दिसते."

वॉर्डातल्या दोन नर्सा हसल्या. आता माघार घेणं म्हणजे खाप्यासमोर माघार घेणं. रुखमाबाईनं हात पुढं केला. रक्त देताना तिनं पापणीही हलवली नाही, पण कामिनीबाईंनी नाकात काडी घातली तशी ती अशी काही खोकली की कामिनीबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"खोकला आहे का आजी?"

"ठसका आहे."

त्याच आठवड्यात अनिश घरी आला. आला तो उतरलेल्या तोंडानं, पण दारातच त्यानं मायाच्या वेणीला हात घातला, आणि घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. रुखमाबाईनं त्याच्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मशीन मागच्या पडवीत हलवली आणि मधल्या दाराला जाड ताडपत्री ठोकून घेतली. कोणी सांगितलं म्हणून नाही, तिच्याच मनानं.

पण खाप्याचं नाव काढायची घरात सोय नव्हती. तिकडं पत्रिका छापून झाल्या, घोडी ठरली, पुष्पलताबाईचे फोन येत. मिनल "पाहू" म्हणे आणि ओट्यापाशी जाऊन भांडी जरा जोरानं घासे.

एका महिन्यानं दुसऱ्या नमुन्यासाठी घरचे सगळे परत दवाखान्यात गेले. कामिनीबाईंनी कॉम्प्युटरवर त्यांना लाल-निळ्या चौकटींची एक पट्टी दाखवली. गोधडीच्या तुकड्यांसारखी दिसत होती.

"हा अनिश, भरती होता तेव्हाचा. याच्यात हाका मारणारी प्रोटीनं उशिरा जागी झाली. अन् जागी झाली ती थांबेचनात. मिटवणारी फार थोडी. त्या भांडणातच छाती सुजली. ही माया. हिची लवकर उठली, काम केलं, गप्प बसली."

रुखमाबाईनं मान वाकडी करून पट्टी पाहिली. "म्हणजे मिरची बारीक झाली तरी मशीन कोणी बंद केली नाही."

"काहीसं तसंच."

"जळते मंग ती. काळी पडते. कितीही चांगली असो." तिनं अनिशला जरा जवळ ओढलं. "आता?"

"आताचा नमुना पाहू, पण तब्येतीवरून तर सगळं शांत दिसते. मात्र दोन लेकरांवरून काही ठरत नाही आजी. अशी शेकडो पाहावी लागतील, तेव्हा कुठं म्हणता येईल."

"पाहा सावकाश. आधी खाप्याचं सांगा."

मिनलनं श्वास धरला, हे रुखमाबाईला न पाहता कळलं.

"खाप्याच्या काकूंनी सांगायला हरकत नाही म्हटलं. त्यांच्या घरच्या कोणाच्याही नमुन्यात काही नाही. नाकात नाही, रक्तात नाही."

"नीट पाहा. ईनबाईचं अंग मोठं आहे, कुठीतरी लपलं असंन."

"नीटच पाहिलं." कामिनीबाईंनी पट्टी बंद केली. मग म्हणाल्या, "बाकीचे जरा बाहेर बसता का? मोठ्यांचं ज्याचं त्याला सांगायची पद्धत आहे. आधी आजींचं सांगते."

सगळे बाहेर गेले. दार लागलं.

"आजी, मोठ्यांत व्हायरस एकाच नमुन्यात सापडला. तुमच्या. आणि रक्तातही त्याच्याशी झालेल्या भांडणाच्या ताज्या खुणा आहेत. त्या आठवड्यात तुम्हाला खोकला होता का?"

"ठसका होता. मिरचीचा."

"मिरचीच्या ठसक्यानं नाकात व्हायरस येत नाही आजी."

रुखमाबाईला कोणी असं सरळ उत्तर देऊन फार दिवस झाले होते. ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. तिला आठवलं, मिनल खाप्याला निघाली त्याच्या आदल्या दिवशी ठसका काही केल्या थांबत नव्हता. रामाजींनी मशीन बंद केली, खिडक्या उघडल्या, तरी थांबत नव्हता. आणि तशातच ती अनिशला मांडीवर घेऊन गरम खिचडीच्या घासाघासावर फुंकर मारत होती. फू, खा बाप्पा. फू, खा राजा.

"मीच देलं का वं त्याले?" तिनं विचारलं. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"ते रक्त सांगत नाही. मायानं शाळेतून आणलं असेल अन् तुम्हा दोघांनाही दिलं असेल. मला सांगा, त्या दिवसांत मायालाही भरवलं होतं का?"

"त्याच ताटात. त्याच हातानं."

"मग ती काहून नाही पडली? तोच घास, तीच फुंकर. मी त्या प्रश्नाच्या मागं आहे आजी. आणलं कोणी, यात मला रस नाही."

"तुले नसंन वं माय," रुखमाबाई उठत म्हणाली. "मले आहे."

बाहेर सगळे उभेच होते. कामिनीबाई कोणाला काही सांगणार नव्हत्या, हे तिला माहीत होतं. तिनं पदर सावरला.

"खाप्याचं काही निघालं नाही. लग्नाले जाऊ."

मिनलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग मायाला उचलून गरागरा फिरवलं. रामाजींनी विचारलं, "मंग निघालं कोणाचं?"

"मशीनले नाही समजलं."

हे ती सहज बोलून गेली. पण ऑटोत बसल्यावर ते वाक्य दातात मिरचीचं बी अडकावं तसं अडकलं. घरी आल्यावरही निघेना. मिनल आता भांडी हळू घासत होती, सासूच्या चहात जास्तीचं आलं टाकत होती, आणि ते पाहून रुखमाबाईला जास्तच झोंबत होतं. दोनदा तिनं पुष्पलताबाईला फोन लावला आणि दोनदा लग्नाच्या साडीचा रंग विचारून ठेवून दिला.

अखाजीला खाप्यात ऊन असं की मांडवाच्या कापडाचा वास येत होता. चारी कोपऱ्यांत कूलर घुरघुरत होते. अक्षता पडल्या, बायकांची पंगत बसली. रुखमाबाईला विहीण म्हणून मानाचं पान होतं. समोर नवरीची आत्या बसली होती, यमुताई नावाची, बारीक डोळ्यांची, आणि खाणं कमी, पाहणं जास्त. पुष्पलताबाई स्वतः बुंदीची परात घेऊन वाढत होत्या. आज त्यांचं हसणं मांडवाबाहेर, गल्लीपर्यंत जात होतं.

यमुताईनं त्यांचा पदर धरून थांबवलं.

"काय जी, तुमच्या इथून लेकरू आजारी होऊन गेलं म्हणे? ऑक्सिजन लागला म्हणे त्याले?"

"आता बरा आहे जी तो. तो काय, तिकडं खेळून राहिला."

"बरा असंन. पण आमची पोरगी आता याच घरात राहीन. उद्या तिले लेकरंबाळं होतीन. विचारलेलं बरं."

आजूबाजूच्या पाच-सहा बायका जेवायच्या थांबल्या. पुष्पलताबाईचं हसणं कोणी बटण दाबावं तसं बंद झालं. रुखमाबाईकडं बोट दाखवायचं तर सोडाच, त्यांनी पाहिलंही नाही. परातीतली बुंदी नुसती सारखी करत राहिल्या.

सावनेर तालुक्यात ही गोष्ट कोणी पोचवली, हे रुखमाबाईहून जास्त कोणाला माहीत होतं? तिनं पानावरचा हात उचलला.

"यमुताई, इकडं पाहा," ती म्हणाली. मांडवात तिच्या आवाजाला माइक लागत नाही. "ते लेकरू माहं. अन् तो आजारही माहाच."

"तुमचा कसा?"

"खाप्याच्या माणसायले मीच दवाखान्यात बोलावलं. चोर पकडावा तसं एकेकाचं रक्त तपासाले लावलं. एकाच्याही अंगात काही निघालं नाही. निघालं ते माह्या. मले खोकला होता अन् मी ठसका म्हणत बसली. त्याच तोंडानं फुंकर मारून लेकराले भरवलं. अन् वरून साऱ्या गावाले फोन करून ईनबाईचं नाव घेतलं. तुम्ही जे ऐकलं नं, ते मीच सांगतलेलं."

पंगतीत कोणी पापड मोडला, तोही ऐकू आला. मिनल पाण्याचा जग घेऊन दोन पानं पलीकडं उभी होती, ती तशीच उभी राहिली. बायकांच्या मागं रामाजी खुर्चीवर बसले होते. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.

रुखमाबाईला खाली मान घालून बसायची सवय नव्हती, आणि इतकी खाली तर नव्हतीच. तिनं ती वर केली.

"अन् आता मी विचारतो यमुताई. तुमच्याकडल्या माणसायचं रक्त कोणी तपासलं काय? नाही नं? या घरचं तपासलेलं आहे. मोठ्या दवाखान्यात, मशीनवर, नाकासगट. एवढी खात्री करून कोणी पोरगी देलेली मले दाखवा. भाग्याची आहे तुमची पोरगी."

यमुताईच्या बारीक डोळ्यांना काय करावं ते सुचेना. शेजारची एक म्हातारी आधी हसली, मग तिच्या बाजूची, आणि मग पुष्पलताबाईचं ते हसणं परत आलं, इतकं की परात खाली ठेवावी लागली.

"ईनबाई," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हे तं अनंताच्या बायोडाटातही नव्हतं लिहिलं."

"लिहाचं होतं. दोन महिने आधी जमलं असतं लग्न."

पुष्पलताबाईनं मूठभर बुंदी तिच्या पानात टाकली. रुखमाबाईनं नको म्हटलं नाही. वाढलेलं परत न करणं, एवढीच माफी तिला मागता येत होती, आणि पुष्पलताबाईला ती समजली असावी, कारण त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

मिनल जवळ आली. ग्लासात पाणी ओतता ओतता हळूच म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं आई? पंधरा दिवस होत आले."

"सांगणारच होती."

"कधी?"

"आता सांगतलं नं. तुह्या सगळ्या माहेराले एकदमच सांगून टाकलं, पुन्हा पुन्हा तोंड वाजवा लागणार नाही." रुखमाबाईनं बुंदीचा घास घेतला. "अन् इथी काय उभी राहिली वं? भाऊ एकच आहे नं तुले? त्या कोपऱ्यातल्या पंगतीले कोणी पाणी विचारलं नाही अजून. जाय."

मिनल गेली. जाताना हसत होती की काय, ते रुखमाबाईला नीट दिसलं नाही. तिनं यमुताईच्या पानाकडं पाहिलं आणि वाढप्याला हाक मारली. "अगा, या बाईले भात वाढ. कधीच्या नुसत्या बसून आहेत."